विश्लेषण : फोन बनवणे बंद, तरी कमाई सुरूच? मोबाइल पेटंटचे वाद नेमके कशावरून?

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजीच्या कारखान्यात एकेकाळी मोबाइल फोन तयार होत. ५ एप्रिल २०२१ रोजी एलजीने जगभरातील मोबाइल व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. कंपनीकडील मोबाइल तंत्रज्ञानाची पेटंट मात्र कायम राहिली. या घोषणेच्या महिनाभर आधीच जर्मनीतील मानहाइमच्या न्यायालयाने ४जी पेटंटच्या खटल्यात टीसीएल या चिनी कंपनीविरुद्ध एलजीच्या बाजूने निकाल दिला होता.

स्पर्धकाचे पेटंट टाळता येत नाही का?

कोणताही फोन कोणत्याही टॉवरशी जोडला जावा, यासाठी सर्व कंपन्या २जी, ३जी, ४जी अशी समान मानके पाळतात. या मानकांमध्ये अनेक कंपन्यांचे शोध गुंफलेले असतात. त्यामुळे ती पेटंट वापरल्याशिवाय फोन बनवताच येत नाही. त्या बदल्यात पेटंटधारकाने रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना द्यावा, असा संकेत आहे. पण ‘रास्त’ म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेले नाही.

फोन न बनवणाऱ्याचे पारडे जड का?

दोन्ही कंपन्या फोन बनवत असतील तर दोघींना एकमेकींच्या पेटंटची गरज असते. त्यामुळे देवाणघेवाण होऊ शकते. फोन बनवणे सोडलेल्या कंपनीवर उलट दावा ठोकण्यास फारसा वाव उरत नाही. एरिक्सनने २०१२ मध्ये सोनी एरिक्सनमधील हिस्सा सोडला आणि २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले.

पैसे चिपवर मोजायचे की फोनवर?

या वादाचा हाच गाभा आहे. मायक्रोमॅक्स प्रकरणात अंतरिम व्यवस्था म्हणून फोनच्या विक्री किमतीच्या १.२५ ते २ टक्के दर ठरला. मायक्रोमॅक्सने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. त्यावर आयोगाने प्राथमिक आदेशात उदाहरण दिले : चिप एकच असली तरी १.२५ टक्के दराने १०० रुपयांच्या फोनवर सव्वा रुपया, तर १,००० रुपयांच्या फोनवर साडेबारा रुपये द्यावे लागतील. महाग कॅमेरा किंवा पडद्यासाठी एरिक्सनला जादा पैसे का, असा हा प्रश्न. पेटंटधारकांचे म्हणणे असे, की जोडणीमुळेच संपूर्ण फोनला किंमत येते.

सुट्या भागावर निकाल कसा अवलंबून राहिला?

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या फोनची आयात आणि विक्री रोखली. काही दिवसांतच क्वालकॉमची चिप असलेल्या फोनना प्रत्येकी १०० रुपये जमा करण्याच्या अटीवर तात्पुरती परवानगी मिळाली. क्वालकॉमकडे एरिक्सनचा परवाना असल्याचा शाओमीचा युक्तिवाद होता. म्हणजे एकाच ब्रँडचा एक फोन दुकानात आणि दुसरा बंदीत. फरक फक्त आतल्या चिपचा.

पुढे काय झाले?

मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हाने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिला. रॉयल्टीचा आधार चिप नव्हे, तर संपूर्ण फोनची निव्वळ विक्री किंमत धरली गेली आणि दर १.०५ टक्के ठरला.

ग्राहकाशी याचा संबंध काय?

शिरूर किंवा दौंडच्या दुकानात दहा हजारांना मिळणाऱ्या फोनवर या दराने सुमारे १०५ रुपये होतात, तेही एकाच पेटंटधारकाचे. असे पेटंटधारक अनेक आहेत आणि प्रत्येकाशी स्वतंत्र करार करावा लागतो. स्वस्त फोनमध्ये नफा आधीच तुटपुंजा असतो. त्यामुळे हा भार कंपनी सोसते किंवा तो किमतीत उतरतो. कारखाना आला की रोजगार येतो, पण पेटंट ज्याच्याकडे त्याचा वाटा ठरलेलाच. एलजी रांजणगावात आता टीव्ही आणि फ्रिज बनवते. मोबाइलमधील तिचे शोध मात्र इतरांच्या फोनमध्ये अजून वापरात आहेत.