धाराशिवच्या पायाखालचा लाव्हा

धाराशिव जिल्ह्यात आज धूर ओकणारे मुख नाही की शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत नाही. तरीही तुळजापूरच्या घाटापासून उमरग्याच्या सपाट रानापर्यंत आणि परंड्याच्या सीनाकाठापासून कळंबच्या मांजराकाठापर्यंतची जवळजवळ सगळी भूमी ज्वालामुखीनेच घडवलेली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून दख्खनचे पठार उभे राहिले. झीज होऊनही या थरांनी आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि बालाघाटच्या डोंगररांगा हा त्याचाच एक भाग आहे.

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा खडक अतिशय तापलेला असला तरी वरच्या प्रचंड दाबामुळे बहुतांशी घनरूपच राहतो. एखाद्या ठिकाणी हा तप्त खडक वर सरकू लागला की त्यावरील दाब कमी होतो, त्याचा काही अंश वितळतो आणि शिलारस तयार होतो. हाच शिलारस भूपृष्ठावर आला म्हणजे त्याला लाव्हा म्हणतात. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात आणि उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे बऱ्याच अंशी या वायूंना वाट कशी मिळते यावर ठरते. सिलिकेचे प्रमाण जास्त असलेला शिलारस घट्ट व चिकट असतो, त्यात वायू कोंडले जातात आणि 1883 मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआने अनुभवला तसा भीषण स्फोट होतो. बेसाल्ट खडक ज्यापासून बनतो तो शिलारस मात्र सिलिका कमी असल्यामुळे पातळ असतो, सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सिअस तापमानाला तो सहज वाहतो आणि त्यातील वायूही तुलनेने सहज निसटतात.

दख्खनमध्ये घडले ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे. तेथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. अशा भेगांत थिजून राहिलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, नर्मदा-तापी खोऱ्यात, कोकणात आणि नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात विपुल आढळतात. लाव्हाचा ओघ किती दूर गेला याची कल्पना आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या बेसाल्टवरून येते, कारण त्याची रासायनिक घडण सह्याद्रीतील थरांशी जुळते आणि मधले अंतर सुमारे 1000 किलोमीटरचे आहे. इतक्या लांबवर लाव्हा न गोठता पोहोचला, कारण त्याचा पृष्ठभाग आधी थिजून कवच बनत असे व आत वाहणारा रस त्या कवचाच्या आश्रयाने उष्ण राहून, तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुगावा तसा, वरचा थर उचलीत पुढे सरकत असे.

या उद्रेकांचा तत्कालीन सजीवसृष्टीवर काय परिणाम झाला असेल, याचा अंदाज आइसलँडमधील लाकी येथील उद्रेकावरून बांधता येतो. तेथे जून 1783 पासून सुमारे आठ महिने 27 किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्हा वाहत होता. त्याच्या आचेपेक्षा विषारी वायूंनीच अधिक घात केला. चराऊ कुरणे नासली, निम्म्याहून अधिक जनावरे दगावली आणि पुढे आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. दख्खनमधील एकेक ओघ लाकीपेक्षा कितीतरी मोठा होता आणि असे ओघ हजारो वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा येत राहिले. डायनोसॉरांचा अंत याच काळातला असल्याने त्यास दख्खनचे उद्रेक जबाबदार होते की मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेला अशनी, हा वाद अनेक दशके चालला आहे. बहुतेक शास्त्रज्ञ अशनीला मुख्य कारण मानतात, परंतु उद्रेकांनी हवामान आधीच अस्थिर केले होते ही शक्यता दृष्टीआड करता येत नाही.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर या भूमीखाली ज्वालामुखी जागा होतो आहे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नाही असे आहे. दख्खनच्या लाव्हाचा उगम ज्या तप्त स्थानाशी जोडला जातो, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट केव्हाच उत्तरेकडे सरकला असून ते स्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. किल्लारी येथे संशोधनासाठी घेतलेल्या 617 मीटर खोल वेधछिद्रात बेसाल्टचे थर 338 मीटरवर संपले, त्याखाली गाळाचा पातळ थर लागला आणि मग अतिप्राचीन नाइस खडक सुरू झाला. भारतीय भूपट्ट युरेशियन भूपट्टाशी भिडल्याने निर्माण होणारा ताण या जुन्या खडकांतील दुबळ्या जागी मोकळा झाला, असे भूकंपाचे कारण मानले जाते. जीवितहानी एवढी भयंकर झाली ती मात्र घरांमुळे. बेसाल्टचे ओबडधोबड धोंडे चिखलात रचून केलेल्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचा जड थर असलेले माळवद ही रचना उन्हाळ्यात सुखाची असली तरी आडव्या हादऱ्यात ती तग धरू शकली नाही आणि झोपेतील माणसे तिच्याखाली गाडली गेली.

तोच दगड नीट घडवून चुन्यात बसवला तर काय साधते, हे नळदुर्गच्या किल्ल्यात पाहायला मिळते. बोरी नदीवर 1613 मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल चार शतके पुराचे लोंढे अंगावर घेत उभा आहे.

लाव्हाचा सर्वांत निकटचा परिणाम मात्र जिल्ह्यातील प्रत्येक विहिरीच्या कडेला उघडा दिसतो. सर्वांत वर काळी माती असते. बेसाल्ट कुजून झालेल्या या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतात, परंतु तिने धरून ठेवलेल्या ओलाव्यावरच पाऊस सरल्यानंतर शाळू पोसतो. त्याखाली मुरूम आणि त्यापुढे लाव्हाच्या ओघाचा वरचा भाग लागतो. वर चढणारे वायूचे बुडबुडे थिजल्याने त्यात असंख्य पोकळ्या राहिल्या आणि त्या पुढे पांढऱ्या झिओलाइटने व गारेने भरल्या. यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्याखालचा काळा पाषाण सलग व घट्ट असतो, भेगा नसतील तर त्यात पाण्याचा थेंबही साठत नाही. दोन ओघांच्या मध्ये कित्येकदा गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांतील विश्रांतीत पृष्ठभागाची झीज होऊन तो तयार झाला.

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात एका शेताची विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी का, याचे उत्तर या थरांच्या क्रमात असते. काळा पाषाण लागल्यावर आणखी शंभर फूट बोअर मारल्याने पाणी लागेलच असे नाही, आणि पाणाड्याच्या नारळाला या क्रमाची माहिती असण्याचे कारण नाही. म्हणून विहीर किंवा बोअर घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने कोणत्या खोलीवर कोणता थर लागला आणि पाणी कोठे दिसले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. एका शिवारातील अशा नोंदी ग्रामपंचायतीत एकत्र केल्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना दाखवल्या, तर पुढची विहीर कोठे घ्यावी आणि पावसाचे पाणी कोठे जिरवावे, हे त्या गावाला कर्ज काढण्यापूर्वीच पुष्कळसे कळू शकेल.