पुरुषांच्या अंगावरचा घागरा

घागरा बायकांचा आणि धोतर पुरुषांचे, अशी वाटणी आपण पक्की धरून चालतो. नाचाच्या रिंगणात मात्र ती टिकत नाही. नवरात्रात आपल्या हैदराबादेतही मुले गुजराती केडियू घालून गरबा खेळतात. छातीखाली चुण्या असलेला तो आखूड अंगरखा गिरकी घेताना छत्रीसारखा उघडतो, आणि त्याला कोणी बायकी म्हणत नाही. स्कॉटलंडमधील पुरुष किल्ट घालून नाचतात. तिथल्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली डोंगराळ भागातील तो पोशाख बेकायदा ठरवला. बंदी उठली १७८२ मध्ये. राज्यकर्त्यांना धाक वाटावा असे काही त्या वस्त्रात होते खास!

जवळचे उदाहरण घ्यायचे तर सांगली-सोलापूरकडील धनगरांचे गजी नृत्य. ढोलाच्या ठेक्यावर नाचणारे पुरुष अंगात पायघोळ झगा घालतात, डोक्याला फेटा बांधतात, हातात रंगीत रुमाल घेतात. हा घेर केवळ शोभेचा आहे असे मला वाटत नाही. उघड्या माळावर दूर उभ्या असलेल्या माणसाला नाचणाऱ्याचे पाऊल कुठले दिसायला? त्याला झगा दिसतो. सगळी रांग वळली की घेर आणि रुमाल एकदमच उठतात. कोणाचा ठेका चुकला तर तेही लगेच कळते. ज्या बिरोबापुढे हा नाच होतो त्याला आमच्या घरी बीरप्पा म्हणतात. (मी घरी कन्नड बोलतो, शाळा मराठी.) कर्नाटकातील कुरुब समाज त्याच्यासमोर डोळ्ळु कुणित करतो. नाच संपला की झगा घडी होऊन पेटीत जातो आणि धनगर मेंढरांमागे.

पोतराजाचे तसे नाही. मरीआईचा हा उपासक कमरेला खणांचा, रंगीबेरंगी तुकड्यांचा घागरा बांधतो. पायांत घुंगरू, कपाळभर हळदकुंकू, हातात कोरडा. बायको देवीचा देव्हारा डोक्यावर घेऊन बरोबर असते, ढोलके वाजते, आणि तो स्वतःच्याच अंगावर कोरडा ओढीत दारोदार नाचतो. प्रामुख्याने मातंग समाजातील मुले अशी नवसाने देवीला वाहिली जात. एकदा वाहिला की केस कापायचे नाहीत आणि जन्मभर मागून खायचे. घागरा ही इथे नेमणूकच झाली, आणि तिला राजीनामा नाही.

हैदराबादचा पोतराजु हा त्याचाच भाऊबंद. नाव तेच, कोरडा तोच, देवीही साथीच्या रोगाची. १८१३ च्या पटकीच्या साथीतून सिकंदराबादच्या उज्जयिनी महांकाळीचे बोनालू सुरू झाले असे सांगतात. मरीआईही पटकीचीच देवी. पण आषाढात मिरवणुकीपुढे नाचणारा हा पोतराजु अंगाला हळद फासून तांबडे धोतर कसतो, कमरेला कडुलिंबाचा पाला बांधतो. घागरा नाही. लोक त्याला देवीचा भाऊ मानतात, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात. सण संपल्यावर तो वर्षभर दारोदार हिंडत नाही.

म्हणून पुरुषाने घागरा घालावा की नाही, या वादात मला रस नाही. नाच संपल्यावर तो उतरवायची मुभा कोणाला आहे, हे पाहावे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीच्या लाचार चाली सोडायला सांगितल्या. पुढे कित्येक घरांतील मुलांनी केस उतरवले, शाळा-नोकरी धरली.

स्नेहसंमेलनांत पोतराज हमखास टाळ्या घेतो. घागरा भाड्याचा, केसांचा टोपही भाड्याचा, सोमवारी दोन्ही दुकानात परत. हा नाच बसवू नये असे मी म्हणत नाही. पण नाचणारा माणूस कोण आणि त्याला कोणी नाचायला लावले, हे निवेदकाने दोन वाक्यांत तरी सांगावे. आणि पुढच्या वर्षी गजी नृत्य बसवायचे ठरले तर झग्यांना कापड भरपूर लागेल. सांस्कृतिक मंडळाने ते अंदाजपत्रकात आधीच धरलेले बरे.