लाटेवर नंबर कुणाचा?

सार्वजनिक नळावर पाणी भरलेल्या बाईला रांगेचं शास्त्र शिकवावं लागत नाही. हंडा ठेवला की नंबर लागला. पण समजा, सगळ्या जणी हंडे घेऊन उभ्या आहेत आणि एकाने सरळ नळाला मोटारच लावली, तर? हवाई बेटांच्या समुद्रात असाच पेच पडतो. तिथे भांडण लाटेवरून असतं, एवढाच फरक.

माऊई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पेआही नावाची जागा आहे. लोक तिला 'जॉज' म्हणतात, म्हणजे जबडा! दूरच्या वादळांमुळे हिवाळ्यात इथे पन्नास-साठ फुटांच्या लाटा उठतात. पाच मजली इमारत चालत येतेय म्हणा ना. सर्फर फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत लाटेपुढे धावतो आणि ऐन क्षणी उभा राहतो. लाट फुटायला जिथे सुरुवात होते, त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. बाकीच्यांनी थांबायचं. त्याच्या पुढ्यात घुसणं हा नुसता उद्धटपणा नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

काईटसर्फरचं तंत्र वेगळं. त्याच्या डोक्यावर भलामोठा पतंग, वीस-पंचवीस मीटरच्या दोऱ्या, आणि ओढायला वारा. हात मारायची गरजच नाही. लाट अजून लांब, नुसता फुगवटा असते, तेव्हाच तो तिच्यावर स्वार होतो. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर आधी आला म्हणून लाट त्याचीच! असं एकामागून एक चाललं, तर हातांनी पाणी मारणाऱ्यांनी काय नुसतं बघत बसायचं?

शिवाय तो पडला की पतंग पाण्यात कोसळतो. लाटेने पतंग ओढला की ताणलेल्या बारीक दोऱ्या सुरीसारख्या कापतात. संकटात पतंग सोडून द्यायची कळ असते; पण सुटलेला पतंग वाऱ्याबरोबर जाणार, आणि त्या बाजूला माणसं असली तर त्यांच्या अंगावर. म्हणून संकेत असा, की हातांनी पाणी मारणाऱ्याचा मान पहिला. पतंगवाल्याने लांब राहायचं, गर्दी असेल तर उतरायचंच नाही. मला हा संकेत फार पटतो. ज्याच्याकडे जोर जास्त, त्याने थांबायचं. पतंगवाल्यांचं आपसातलंही ठरलेलं असतं. दोघे शेजारून जाताना वाऱ्याकडच्याने पतंग वर घ्यायचा, दुसऱ्याने खाली. बोळात दोन छत्र्या भेटल्या की आपण करतो तसंच.

जवळच्या हुकिपा किनाऱ्यावर तर घड्याळच लावलंय. शिडाच्या फळीवाल्यांनी सकाळी अकराच्या आधी उतरायचं नाही. वारा तसाही दिवस चढेल तसा वाढतो, त्यामुळे सकाळ सर्फरांची.

या गर्दीत बाईचा नंबर कुठे? हवाईच्या दंतकथेत माऊईची राजकन्या केलेआ लाटेवर स्वार होण्यात सगळ्यांच्या वरचढ होती. पुढे मात्र 'ही कसली एवढी मोठी लाट घेतेय' असं गृहीत धरून बाईच्या पुढ्यात घुसणारे वाढले. तरीही अँड्रिया मोलर आली. मूळची ब्राझीलची, माऊईत रुग्णवाहिकेवर काम करणारी, लेकीची आई. जॉजच्या लाटेवर जाणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी ती एक. नोव्हेंबर २०१६मध्ये जॉजवर बायकांची मोठ्या लाटांची स्पर्धा झाली, ती पेज आल्म्स या माऊईच्या मुलीने जिंकली. बक्षिसाची रक्कम पुरुषांएवढी व्हायला मात्र २०१९ उजाडलं.

एवढ्या लाटा आपल्याकडे नाहीत. पण गोव्यात मोरजिमच्या किनाऱ्यावर हे पतंग दिसतात. सहलीला गेलात, तर वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, पतंगाच्या खाली मुलांना उभं करू नका. वाळूत पसरलेल्या दोऱ्या ओलांडू नका. फोटो काढायचाच असेल, तर वारा येतो त्या बाजूला जाऊन काढा.