अंगणातले यंत्र आणि शेजाऱ्याची झोप

ध्वनिप्रदूषण म्हटले की आपल्यासमोर लाऊडस्पीकर, डीजे आणि फटाके उभे राहतात. त्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने किरकोळ वाटेल, पण आपल्या रोजच्या जगण्याला तो अधिक जवळचा आहे. पावसाळ्यात मावळात रान माजते. श्रावण सरत आला की आंबीपासून लोणावळ्यापर्यंत बंगल्यांच्या आवारांत आणि रिकाम्या प्लॉटांवर गवत कापायचे मशीन, म्हणजेच ग्रास कटर, सुरू होते. जोडीला कोठे फांद्या तोडणारी चेन सॉ, कोठे कडबा कुट्टी, आणि भात कापणीनंतर मळणी यंत्र.

अंगणातले काम पूर्वी निःशब्द होते असे नव्हे. भाताच्या झोडणीचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत जाई. पण तो आवाज माणसाच्या दमाबरोबर चाले आणि माणूस थकला की थांबे. पेट्रोलचे इंजिन टाकी संपेपर्यंत थांबत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मापाची गंमत अशी की त्यात साधी बेरीज चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 95 डेसिबलच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही जास्त असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे एक मीटरवर 95 असलेला आवाज दहा मीटरवर 75 आणि शंभर मीटरवर 55 होईल. मध्ये भिंत किंवा दाट झाडी असेल तर आणखी कमी.

हा 55 चा आकडा महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. औद्योगिक क्षेत्रात ती 75 आणि 70 आहे. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. सन 2010 च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यासही बंदी आली. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरपर्यंतच्या परिसराला शांतता क्षेत्र करता येते. तेथे मर्यादा 50 आणि 40 आहे. मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय ते क्षेत्र ठरत नाही. शाळेच्या दारावर नुसती पाटी लावून भागत नाही.

आता यातली मेख पाहा. ही मर्यादा सरासरीची आहे, क्षणाची नव्हे. सकाळी 6 ते रात्री 10 हे सोळा तास धरले, तर त्यातला एक तास 65 डेसिबलने गाजला तरी, बाकी वेळ शांतता असल्यास, सरासरी 55 च्या आतच राहते. शिवाय नियमाप्रमाणे तक्रारीला जागा मिळते ती मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तेव्हा. म्हणजे सकाळी नऊ वाजता तासभर चाललेल्या ग्रास कटरसमोर कायदा बहुतेक वेळा हात जोडूनच उभा राहील. दिवसाची शांतता शेजाऱ्यांनाच आपसांत ठरवावी लागते.

आणि आंबीत दिवसाच्या शांततेची गरज इतर गावांपेक्षा जास्त आहे. तळेगावची एमआयडीसी शेजारीच असल्याने येथे घरोघर पाळीवर जाणारे लोक आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठच्या सुमारास अंग टाकतो. त्याची खरी रात्र दुपारी एक-दोनपर्यंत असते, पण ती कायद्याच्या घड्याळात नाही. दिवसा झोपणे म्हणजे आळस, हा समज आपल्याकडे अजून जात नाही. अर्धवट झोपेचा माणूस त्याच रात्री पुन्हा मशीनसमोर उभा राहणार असतो, हे मात्र कोणी मोजत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचणही याच हंगामात येते.

परंतु या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. ग्रास कटर पाठीला अडकवून फिरणारा हा बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो. विळ्याने आठवडाभर चालणारे काम तो दिवसात उरकतो आणि त्यावर त्याचे घर चालते. आवाजाचा सर्वांत जवळचा बळीही तोच. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या मापदंडानुसार 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा आहे आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 94 ला एक तास, 97 ला अर्धा. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांसाठी 90 ची मर्यादा आहे, पण बंगल्याच्या आवारात कारखान्याचे नियम येत नाहीत. कानाच्या आतील केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून जो मालक मजुरी देतो त्याने कानावर लावायचे मफही दिले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चष्मा देतात, कान विसरतात.

परदेशात यावर थेट कायदे झाले. वॉशिंग्टन शहरात 1 जानेवारी 2022 पासून पेट्रोलवर चालणाऱ्या, पाने उडवणाऱ्या यंत्रांना बंदी आहे. कॅलिफोर्नियात 2024 पासून बागकामाच्या नव्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीवर निर्बंध आले. तेथे धुराचे कारणही होते. बॅटरीची यंत्रे आपल्याकडेही मिळतात आणि त्यांचा आवाज बराच कमी असतो, पण आडव्या-तिडव्या वाढलेल्या मावळी गवतापुढे लहान बॅटरी फार वेळ टिकत नाही. सरसकट बंदीची मागणी येथे करणे म्हणजे मजुराची रोजी तोडणे होय.

भांडण माणसाशी नको, वेळेशी असावे. दुपारी तीन ते सहा ही वेळ पाळीवाल्यांना व मजुरालाही सोसण्यासारखी आहे. लहान अंगणाला विळा पुरतो. सायलेन्सर गळका असेल तर आवाज विनाकारण वाढतो, तो बदलून घ्यावा. रविवारी येणाऱ्या प्लॉटमालकांना ही वेळ आधी कळवावी. रात्री दहानंतर मात्र संकोच न करता 112 वर फोन करावा. वेळ ठरवण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडता येईल. मे महिन्यातील ग्रामसभा गवत उगवण्यापूर्वी होते, ऑगस्टमधील ते कमरेएवढे झाल्यावर. विषय मेमध्येच मांडलेला बरा.