पहिले साठ फूट

1970 साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने 'प्रो स्टॉक' या नव्या गटाची पहिली शर्यत भरवली. दिसायला शोरूममधल्यासारख्या, आतून मात्र पार बदललेल्या गाड्यांचा हा गट. अंतिम फेरीत बिल जेंकिन्स आणि रॉनी सॉक्स समोरासमोर आले आणि जेंकिन्सच्या शेव्हरोले कमॅरोने बाजी मारली. तरीही हाताने गिअर टाकण्याच्या कौशल्याचा विषय निघाला की जुने शौकीन आधी नाव घेतात ते हरलेल्या सॉक्सचं. नॉर्थ कॅरोलिनाच्या या चालकाला लोक 'मिस्टर फोर-स्पीड' म्हणत. तो आणि त्याचा भागीदार बडी मार्टिन प्लिमथच्या विक्रेत्यांकडे जाऊन चक्क वर्ग घेत. गाडी शर्यतीसाठी कशी तयार करायची आणि कशी पळवायची, हा त्या वर्गांचा विषय.

ड्रॅग रेस म्हणजे सहसा पाव मैल, 402 मीटर, नाकासमोर सरळ. ना वळण, ना डावपेच. मग शिकवण्यासारखं उरतं काय? बरंचसं पहिल्या साठ फुटांत उरतं. धावपट्टीवर साठ फुटांचा वेळ वेगळा नोंदवतात, आणि मुरलेले चालक वेळांच्या नोंदीचा कागद हातात आला की आधी तोच आकडा बघतात. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटच्या रेषेपर्यंत दीडपट-दुप्पट होतो, असा त्यांचा ठोकताळा आहे. सुरुवातीला दबलेली गाडी साठ फुटांवर उशिरा तर पोचतेच, पण तिथून पुढेही कमी वेगाने निघते.

सगळ्या अडचणीचं मूळ इंजिनच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिन शून्य आरपीएमला, म्हणजे मिनिटाला शून्य फेऱ्यांना, काहीच जोर लावू शकत नाही. त्याला निदान सात-आठशे फेरे लागतात, आणि खरी ताकद काही हजारांवर येते. चाकं मात्र उभी असतात. फिरतं इंजिन उभ्या चाकांना जोडायचं तर मध्ये कुठेतरी घसरण व्हायलाच हवी. ती दोनच जागी होऊ शकते: क्लचमध्ये, नाहीतर टायर आणि जमिनीच्या मध्ये. कुठे किती घसरू द्यायचं, हे चालकाच्या डाव्या पायाने ठरवायचं असतं.

एक मध्यम आकाराची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊ. चालकासह वजन 1200 किलो, इंजिनचा टॉर्क 150 न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण चौदा पट होतो, म्हणजे चाकांशी 2100. टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर जमिनीला मागे ढकलणारं बल 7000 न्यूटन. आता टायरला किती झेपतं ते पाहू. उभ्या गाडीचं साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, पण गाडी झेपावली की वजन मागे सरकतं आणि पुढे जेमतेम निम्मं उरतं. डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक 0.9 मानला, तर पकड भरते सुमारे 5300 न्यूटन. घराघरातल्या गाडीचं इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये टायरच्या ऐपतीपेक्षा जास्त जोर काढतं, ही गोष्ट रोजच्या वापरात कधी जाणवत नाही.

म्हणून चार हजारांवर रेस धरून पॅडलवरून पाय झटकन उचलणं हा नवशिक्याचा ठरलेला मार्ग, आणि ठरलेली फजिती. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट या जड फिरत्या भागांत त्या वेगाला दहा-पंधरा किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. क्लच एकदम बसला की ती क्षणात बाहेर पडते आणि इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षाही मोठा झटका चाकांपर्यंत जातो. टायर जागीच गरगरतात, धूर येतो, प्रेक्षक खूश होतात. शेजारची गाडी तोवर निघून गेलेली असते. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती थोड्या घसरणीला, चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के पुढे असताना. त्यापुढे रबर जमिनीला धरण्यापेक्षा तिच्यावरून नुसतं फरफटतं.

कधीकधी याहून वाईट होतं. टायर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो आणि चाक उड्या मारायला लागतं. ड्राइव्हशाफ्ट तुटतात ते बहुधा अशा वेळी. निव्वळ जोरापेक्षा उलटसुलट हिसके त्यांना जास्त नडतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना याबाबतीत नशिबाची साथ असते. वजन मागे सरकतं तेव्हा नेमकी त्यांची चालती चाकं दाबली जातात.

दुसरं टोकही तितकंच महागात पडतं. रेस कमी ठेवली आणि टायरने घट्ट धरलं, तर इंजिनच आरपीएम सोडून खाली बसतं. मग ते ताकदीच्या पट्ट्यात परत चढेपर्यंत चालकाला हात चोळत बसावं लागतं. टर्बो इंजिनांत हे दुखणं आणखी मोठं, कारण भार आल्याशिवाय टर्बो पुरता फिरत नाही.

दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे हाफ क्लच. घाटातल्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला ड्रायव्हर करतो तोच, फक्त मोठ्या आरपीएमला. वरच्या उदाहरणातल्या गाडीत क्लचने पूर्ण 150 पाठवण्याऐवजी 113 न्यूटन-मीटर पाठवले, तर टायर पकडीच्या काठावर राहतो. इंजिन 4000 आरपीएमला स्थिर ठेवलं, तर क्लचच्या दोन्ही बाजूंचा वेग जुळतो ताशी 32 किलोमीटरला. तिथवर पोचायला दोन सेकंद लागतात आणि गाडी नऊ मीटर, म्हणजे तीस फूट पुढे गेलेली असते. त्या साठ फुटांपैकी निम्मे फूट क्लच घासतच असतो!

घासण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, आणि इथे भौतिकशास्त्राचा एक देखणा हिशेब आहे. आरपीएम स्थिर ठेवून गाडी उभ्या स्थितीतून जुळणीच्या वेगाला आणली, तर इंजिनने दिलेल्या ऊर्जेपैकी बरोबर निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. रस्त्याचा आणि हवेचा विरोध सोडला, तर क्लच भरकन सोडला की सावकाश, याने ही रक्कम बदलत नाही. बदलते ती आरपीएमने, आणि तीही वर्गाच्या प्रमाणात. 3000 ऐवजी 4000 वर गाडी सोडली की उष्णता पावणेदोन पटींहून जास्त. आपल्या गाडीत ती 48 किलोज्यूल भरते. कपभर चहाचं पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी उष्णता दोन सेकंदांत क्लचप्लेटच्या पातळ अस्तरावर ओतली जाते. तो उग्र, जळका वास येतो तो इथून.

पकड वाढवण्याचे उपाय शर्यत सुरू होण्याआधीच चालू असतात. ओल्या पट्ट्यात चाकं फिरवून केलेला बर्नआउट हा निव्वळ तमाशा नसतो. त्याने रबर साफ होतं आणि तापून मऊ, चिकट बनतं. कायमच्या ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या भागात चिकट रसायन फवारतात, आणि आधीच्या गाड्यांचं रबरही जमिनीवर बसलेलं असतं. महाराष्ट्रातली 'व्हॅली रन' ही स्पर्धा मात्र कायमच्या स्ट्रिपवर नव्हे, तर लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर भरते. जागा बदलली, ऊन चढलं किंवा पृष्ठभाग बदलला, की कालचा अचूक आरपीएम आज चुकीचा ठरतो. त्यामुळे अमुक गाडी अमुक आरपीएमला सोडा, असं छातीठोक सांगणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नये.

सुरुवातीचे दिवेही आपला खेळ खेळतात. 1963 पासून वापरात आलेल्या या दिव्यांच्या खांबाला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. हौशी गटांत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. हिरव्याची वाट पाहणारा मागे पडतो. सरावलेला चालक तिसऱ्या पिवळ्यालाच पाय हलवतो. पण पाव मैलाचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होतच नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की ते सुरू होतं, आणि तोवर गाडी साधारण फूटभर सरकलेली असते. आपल्या उदाहरणात एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ असा फुकट मिळतो. अमेरिकेतली काही मोटार मासिकं शून्य ते ताशी साठ मैल वेगाचे आकडे छापताना हा पहिला फूट वगळतात, हे जाहिरातींना भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चालकाचा प्रतिसादवेळ वेगळा मोजतात. त्यामुळे पाव मैल हळू धावलेली गाडीही, नुसती आधी सुटली म्हणून, जिंकू शकते.

ऑटोमॅटिक गाड्यांतला टॉर्क कन्व्हर्टर हीच घसरण तेलात करतो आणि सुरुवातीला टॉर्क वाढवूनही देतो. दरवेळी तो जवळपास सारखा वागतो, म्हणून सातत्याला भाव असलेल्या गटांत मॅन्युअलवाले अल्पसंख्य आहेत. प्रो स्टॉकमध्ये क्लचचं पॅडल टिकून आहे, पण फक्त सुटण्यापुरतं. पुढचे गिअर पॅडलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, पडतात. सर्वांत वेगवान टॉप फ्युएल गाड्यांत तर क्लच किती आणि केव्हा आवळायचा हे वेळेनुसार चालणारी यंत्रणाच ठरवते. तिथे अनेक चकत्यांचा क्लच धावेचा मोठा भाग घासत राहतो आणि प्रत्येक धावेनंतर खोलावा लागतो.

साध्या गाडीच्या मालकाला ती चैन नसते. त्याची एकच क्लचप्लेट दिवसभर पुरवायची असते. तापलेल्या अस्तराचा घर्षणांक उतरतो, पॅडलचा 'धरण्याचा' बिंदू सरकल्यासारखा वाटतो, आणि लागोपाठ केलेल्या दुसऱ्या धावेत पायाने तेच केलं तरी गाडी वेगळी सुटते. म्हणून जाणते चालक दोन धावांच्या मध्ये थांबतात, आणि परत येताना गाडी शक्यतो हाफ क्लचवर रांगेत सरकवत नाहीत. बंद करून ढकलत नेतात.