नामाचा पसारा, मंडळाचा कारभार

इस्कॉनची गोष्ट भक्तमंडळी १९६५ पासून सांगतात. सिंधिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी मालवाहू ‘जलदूत’ बोटीवर फुकट जागा दिली, वाटेत दोनदा हृदयविकाराचा झटका आला आणि सत्तरीला टेकलेले संस्थापक भक्तिवेदांत स्वामी अमेरिकेला पोचले. कथा रोमहर्षक आहे, खरीही आहे. पण संघटना समजून घ्यायची तर १९३७ गाठावं लागतं. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांचे गुरू भक्तिसिद्धांत सरस्वती यांनी देह ठेवला. मागे राहिलेले शिष्य आचार्यपदावरून भांडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या गुरूंची संस्था, गौडीय मठ, फुटली. आपल्या गुरूंना एकच वारस नको होता, सगळ्यांनी मिळून मंडळामार्फत मठ चालवावा अशी त्यांची इच्छा होती, असं स्वामी पुढे वारंवार सांगत.

म्हणूनच न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या गाळ्यात १९६६मध्ये सुरू झालेल्या संस्थेला त्यांनी चारच वर्षांत बारा जणांचं नियामक मंडळ दिलं. हीच ती ‘जीबीसी’. जगाचे विभाग सदस्यांमध्ये वाटले, पण प्रत्येक मंदिरानं आपला खर्च आपणच भागवायचा. पुस्तकांसाठी १९७२मध्ये वेगळा ट्रस्ट काढला. विक्रीतला निम्मा पैसा छपाईला, निम्मा मंदिरबांधणीला. विमानतळांवर पुस्तकं घेऊन लोकांच्या मागे लागणारे गोरे ब्रह्मचारी अमेरिकेत चेष्टेचा विषय झाले, पण पैसा आला तो त्यांच्यामुळेच.

एवढी तजवीज करूनही १९७७मध्ये स्वामी गेले आणि जुनंच दुखणं उपटलं. अकरा शिष्य गुरू झाले, प्रत्येकाचा आपापला मुलूख, उंच आसन. त्यांतले अनेक पुढच्या दहा वर्षांत घसरले आणि मुलूखगिरीची ती पद्धत मोडावी लागली. गुरुकुलांतल्या मुलांवर झालेले अत्याचार हा तर या इतिहासाचा सर्वांत काळा भाग. २०००मध्ये टेक्ससमध्ये खटला उभा राहिला, शेवटी भरपाई द्यावी लागली. मंडळ असलं की सचोटी आपोआप येते, असं मला वाटत नाही ते यामुळेच.

संस्था तगली ती परदेशी गेलेल्या भारतीय कुटुंबांमुळे. जॉर्ज हॅरिसननं १९७३मध्ये दिलेल्या लंडनजवळच्या वाड्यातली सार्वजनिक पूजा स्थानिक कौन्सिलनं बंद करायला घेतली, तेव्हा हजारो हिंदू रस्त्यावर उतरले. १९९६मध्ये परवानगी मिळाली. मुंबईत जुहूच्या मंदिरावर महापालिकेचा हातोडा पडला होता, तेही १९७८मध्ये उभं राहिलं. चौपाटीच्या राधागोपीनाथ मंदिरानं तर वेगळीच घडी बसवली. तिथे अनुभवी गृहस्थ जोडपी इतर कुटुंबांची विचारपूस करतात, अगदी संसारातल्या अडचणींपर्यंत. आपल्या वारीतही फड आहेत, दिंड्यांचे क्रम आहेत, मात्र साऱ्या वारकऱ्यांना हुकूम सोडणारं मुख्य कार्यालय नाही. इस्कॉनमध्ये रोज सोळा माळा जप आणि चार नियम पाळल्याशिवाय दीक्षाच नाही.

आता पारडं भारताकडे झुकलं आहे. स्त्रियांनाही दीक्षागुरू होता यावं, असा ठराव मंडळानं २०१९मध्ये केला, तेव्हा मोठा विरोध झाला तो भारतातल्या पदाधिकाऱ्यांकडून. खुद्द गौडीय परंपरेत नित्यानंदांच्या पत्नी जान्हवादेवी यांनी सोळाव्या शतकातच दीक्षा दिल्या होत्या.