शब्दहरण, अर्थहरण आणि महाविद्यालयीन लेखन

जबलपूरजवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची प्राचीन राजधानी त्रिपुरी होय. दहाव्या शतकात युवराजदेवाच्या या राजधानीत राजशेखर कवीला आश्रय लाभला होता. महाराष्ट्राशी कुलसंबंध असलेल्या या यायावरवंशीय पंडिताने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचे अकरा ते तेरा हे अध्याय एकाच प्रश्नाला वाहिले आहेत: दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ कवीने कितपत घ्यावेत? १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ वाङ्मयचौर्याच्या आजच्या चर्चेतही उपयोगी पडतो.

राजशेखर हरणाचे त्याज्य आणि ग्राह्य असे दोन भेद करतो. शब्दहरण एका पदापासून संपूर्ण प्रबंधापर्यंत पाच प्रकारचे असते. अर्थहरणात तो ‘प्रतिबिंबकल्प’ हा प्रकार सर्वथा वर्ज्य ठरवितो. येथे अर्थ सगळा जुनाच असतो. बदललेली असते ती केवळ वाक्यरचना. उलट, ‘आलेख्यप्रख्य’ प्रकारात जुन्या वस्तूवर काही संस्कार होऊन ती वेगळी भासते. हा मार्ग त्याला मान्य आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दुसऱ्याचे लेखन वा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे हे वाङ्मयचौर्य मानले आहे. प्रबंधांच्या बाबतीत दंड मात्र साम्याच्या टक्केवारीवर ठरतो. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांस एक वर्ष तो सादर करता येत नाही. साठांपुढे नोंदणीच रद्द होते. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात.

ही मोजणी मुख्यतः शब्दहरणाची आहे. महाविद्यालयीन लेखनात अधिक आढळतो तो प्रतिबिंबकल्प. एखाद्या हिंदी समीक्षाग्रंथातील परिच्छेद विद्यार्थ्याने मराठीत उतरविला, क्रियापदे बदलली आणि मूळ लेखकाचे नाव गाळले, तर जुळणारे शब्द शोधणाऱ्या यंत्राला त्यात काही सापडेलच असे नाही. युक्तिवादाचा क्रम, निवडलेली उदाहरणे, काढलेला निष्कर्ष हे सारे मात्र परक्याचेच राहते. जबलपुरासारख्या बहुभाषी नगरात, जेथे मराठी विद्यार्थ्याचे वाचन बहुधा हिंदी व इंग्रजीतून होते, हा धोका विशेष संभवतो. भाषांतराने शब्दांचे स्वामित्व बदलत असेल, विचाराचे नव्हे.

हे टाळण्याचा उपाय लेखनाच्या आधी, टिपण काढतानाच योजावयाचा असतो. ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे उतरविले असेल तर टिपणातही त्यास अवतरणचिन्हे व पृष्ठांक द्यावा. सारांश असेल तर तसे नोंदवावे. स्वतःचे मत निराळ्या ओळीत लिहावे. सारांश लिहिताना ग्रंथ मिटून ठेवावा आणि मग मुळाशी ताडून पाहावा. भाषांतर स्वतः केले असल्यास तसे सांगावे. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातून अवतरण घेतले असेल, तर त्या मधल्या ग्रंथाचाही निर्देश करावा. रूपांतरित विचारालाही तळटीप लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यास पहिल्या निबंधापासूनच शिकविली पाहिजे.

एका बाबतीत मात्र काव्यमीमांसेचा दाखला घेता येत नाही. राजशेखराने आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदविले आहे: मूळ कर्ता अप्रसिद्ध आणि घेणारा प्रसिद्ध, अशा कारणांनी हरण करण्यास हरकत नाही. काव्याच्या प्रांतात हे कदाचित चालून जाईल. विद्येच्या प्रांतात नेमके हेच सर्वांत गर्ह्य होय, कारण विद्यार्थ्याच्या अप्रकाशित प्रबंधिकेतून घेणाऱ्या ज्येष्ठाविरुद्ध तो विद्यार्थी सहसा बोलू शकत नाही. कवीचे कौशल्य ऋण पचविण्यात असेल. संशोधकाचे कर्तव्य ते प्रकट करण्यात आहे. ऋण प्रकट झाले तरच पुढच्या वाचकाला मुळापर्यंत जाता येते, आणि लेखकाचे स्वतःचे असे जे थोडे असते तेही त्याच्या नावावर उभे राहते.